श्वास मोजणारे स्वामी

कर्जतला जादा इंजिने जोडून गाडी बोरघाट चढते. खाली खालापूरचा मुलूख, वर लोणावळा. हवापालटासाठी येणाऱ्या मुंबईकरांच्या या गावात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योग्याच्या श्वासाला प्रयोगशाळेत नेले.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोईचा. १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. बडोद्यास राजरत्न माणिकरावांकडे व्यायामविद्या, मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग आणि मधल्या काळात अमळनेरला अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला.

गुरूंवर निष्ठा असूनही गुरूंनी सांगितले म्हणून ते मानावे, ही वृत्ती त्यांची नव्हती. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब किती उतरतो, हे त्यांनी मॅनोमीटर लावून पाहिले. क्ष-किरणांचीही मदत घेतली. निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात छापले.

खरी कसोटी प्राणायामाची होती. दीर्घ श्वासाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही सर्वत्र होती. ती आजही गेलेली नाही. स्वामीजींनी साधकांनी सोडलेल्या हवेचे पृथक्करण करून किती प्राणवायू शोषला गेला व किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, याचा हिशेब मांडला. आकडे समजुतीच्या बाजूने उभे राहिले नाहीत. श्वास दीर्घ झाला तरी मिनिटाला होणाऱ्या श्वासांची संख्या घटते, हे त्यामागचे साधे गणित. प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या साठ्यात नसून मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, असे मत त्यांनी १९३१ च्या ‘प्राणायाम’ ग्रंथात मांडले. प्राणायामाच्या प्रचारकाने प्रचारातील सर्वांत सोयीचा मुद्दा सोडून द्यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

वाद मात्र मिटला नाही. लोणावळ्यात त्यांच्याकडे शिकून गेलेले येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन यांनी १९३७ च्या ग्रंथात नेमके उलट नोंदविले: उज्जायी, भस्त्रिका व कपालभातीत प्राणवायूचा वापर वाढतो. फुप्फुसांची क्षमता स्पायरोमीटरवर आणि नाकातील हवेचा अडथळा रायनोमॅनोमेट्रीने मोजण्याच्या आजच्या काळातही प्राणायामाच्या अभ्यासांत असे मतभेद आढळतात. कोणता प्रकार, किती वेळ, कोणत्या लयीत, यावर उत्तर बदलते.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. दम्यावरील यौगिक उपचारांचा कैवल्यधामचा अहवाल १९६७ मध्ये ‘योगमीमांसे’त प्रसिद्ध झाला. तो पाहायला ते नव्हते.