खेड्याची बोली वहीत उतरवणारा डॉक्टर
फिनलंडमधल्या सम्मात्ती गावात १८०२ साली एका गरीब शिंप्याच्या घरी एलियास लोनरोत जन्मले. घरात बोलणं फिनिश, पण शाळा-कचेरी सगळी स्वीडिश भाषेत. फिनिश म्हणजे अडाण्यांची बोली, असं बरेच शिकलेले लोक धरून चालायचे.

लोनरोत शिकून डॉक्टर झाले. १८३३ मध्ये आडबाजूच्या कायानी भागात सरकारी डॉक्टर म्हणून गेले आणि तिथं वीस वर्षं राहिले. रोगी तपासायचेच, पण सवड काढून दूरदूरच्या गावांतही फिरायचे. म्हाताऱ्या माणसांकडून गाणी, म्हणी, कोडी, अगदी दुखण्यावरचे मंत्रसुद्धा ऐकून लिहून घ्यायचे.

त्या गाण्यांतून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य उभं राहिलं. १८४९ च्या वाढीव आवृत्तीत २२,७९५ ओळी आहेत. मधे १८३९ साली त्यांनी शेतकऱ्यांसाठी घरगुती उपचारांचं पुस्तक फिनिशमध्येच काढलं. पुढं मोठा शब्दकोशही केला. १८८४ मध्ये ते वारले. ज्या बोलीला लोक हिणवायचे, तीच आज देशाची राजभाषा आहे आणि २८ फेब्रुवारीला तिथं ‘कालेवाला दिन’ पाळतात.

आपल्याकडंही दुखणं नुसतं दुखत नाही. ते ठणकतं, चमकतं, सलतं. अंगात कणकण येते. प्रत्येक शब्दाचं दुखणं वेगळं. घरातल्या आजी-आजोबांचे असे शब्द, म्हणी, जात्यावरच्या ओव्या मोबाईलात रेकॉर्ड करून ठेवा. माणूस गेलं की शब्दही जातो.