न्यायासनावरचा खेळाडू

2024 च्या सप्टेंबरात मी अमेरिकेत, कोलोरॅडोला पुतण्याकडे होतो. शनिवारी दुपारी जेवणे आटोपली आणि सारे घर टीव्हीसमोर येऊन बसले. पुतण्या ज्या कोलोरॅडो विद्यापीठात शिकला, त्या विद्यापीठाचा फुटबॉलचा सामना होता. हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन धावण्याचा! मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. पण सामना चालला होता थेट फ्लॉरिडात, ऑर्लॅंडोला, सुमारे अडीच हजार किलोमीटरवर. विद्यार्थ्यांच्या खेळासाठी एवढा प्रवास कशाला, असे मी विचारले. सगळे टीव्हीच्या पैशासाठी, असे म्हणून पुतण्या हसला.

पुढे डेन्व्हर शहर पाहताना न्यायालयाच्या एका भव्य इमारतीला बायरन व्हाइट यांचे नाव दिलेले दिसले. माझ्या प्रश्नाचे उत्तर या माणसाच्या चरित्रात आहे, हे नंतर त्यांच्याविषयी वाचताना कळले.

व्हाइट यांचा जन्म 1917 चा. त्यांचे वेलिंग्टन हे गाव लहानसे. आपल्याकडे जसा ऊस, तसे तिथे साखरेचे बीट. शाळकरी बायरन बीटच्या शेतात राबला, शाळेत पहिला आला आणि शिष्यवृत्तीवर कोलोरॅडो विद्यापीठात दाखल झाला. 1937 च्या मोसमात त्याने फुटबॉलचे मैदान असे गाजवले की साऱ्या देशात नाव झाले. वृत्तपत्रांनी त्याला ‘व्हिझर’ हे टोपणनाव दिले. वाऱ्यासारखा धावणारा, अशा अर्थाचे. त्याला स्वतःला मात्र ते कधीच आवडले नाही.

पदवीनंतर दोन दारे एकदम उघडली. एकीकडे ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती, दुसरीकडे पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाचे बोलावणे. पगार 15,800 डॉलर, त्या काळच्या फुटबॉलमध्ये सर्वाधिक! ऑक्सफर्डने थोडे थांबण्याची मुभा दिली. व्हाइट 1938 चा मोसम खेळले, धावण्यात सर्वांच्या पुढे राहिले आणि मग 1939 च्या आरंभी इंग्लंडला गेले. तिथे त्यांची जॉन केनेडींशी ओळख झाली. महायुद्ध पेटल्यावर ते परतले, येलमध्ये कायदा शिकू लागले आणि 1940 व 1941 मध्ये डेट्रॉइटकडून पुन्हा मैदानात उतरले. युद्धात ते नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. केनेडींची बोट पॅसिफिकमध्ये बुडाली, तिचा अहवाल लिहिणाऱ्यांत व्हाइटही होते.

केनेडी अध्यक्ष झाल्यावर व्हाइट न्यायखात्यात आले. 1961 मध्ये अलाबामात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी बसप्रवास करणाऱ्यांवर हल्ले झाले, तेव्हा संरक्षणासाठी पाठवलेल्या पथकाचे नेतृत्व त्यांनी केले. 1962 मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. न्यायालयाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बास्केटबॉलचे मैदान आहे. न्यायमूर्ती तिथे आपल्या मदतनीस तरुण वकिलांबरोबर धसमुसळे खेळत!

आणि 1984 मध्ये जुना फुटबॉलच खटला होऊन त्यांच्यासमोर आला.

विद्यापीठांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने 1951 पासून टीव्हीवरील सामन्यांवर मर्यादा घातली होती. घरबसल्या सामना दिसला तर तिकिटे कोण काढणार, ही भीती. 1982 पासूनच्या योजनेत एका संघाला दोन वर्षांत फार तर सहा वेळा टीव्हीवर येता येई. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी आव्हान दिले: संघ आमचा, सामना आमचा, मग तो विकण्याचा हक्क तुमचा कसा? 27 जून 1984 रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी विद्यापीठांच्या बाजूने कौल दिला. सामने कमी ठेवून भाव बांधणे म्हणजे मक्तेदारी, असे बहुमताने ठरले.

विरोधी निकालपत्र व्हाइट यांनी लिहिले. नऊ जणांत हा खेळ व्यावसायिक पातळीवर खेळलेले ते एकटेच. विद्यापीठाचा खेळ हा शिक्षणाचा भाग आहे, त्याला बाजाराच्या तराजूत तोलू नये, हे त्यांचे सूत्र. मोजके सामने आणि वाटून घेतलेले उत्पन्न यामुळे कोणत्याही एका विद्यापीठाला पैशामागे धावण्याचा मोह कमी होतो, असे ते मानत.

गंमत अशी की, निकालानंतर प्रथम सामने वाढले आणि भाव पडला. खरा पैसा पुढे आला. विद्यापीठांचे क्रीडागट, ज्यांना तिथे कॉन्फरन्स म्हणतात, ते स्वतः सौदे करू लागले. बिग टेन या गटाने 2007 मध्ये स्वतःची वाहिनीच काढली आणि 2022 मध्ये सात वर्षांचे हक्क 7 अब्ज डॉलरहून अधिक रकमेला विकले. चांगला सौदा दिसेल तिकडे विद्यापीठे निघाली. 2024 मध्ये प्रशांत महासागराकाठचे स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या गटात जाऊन बसले! त्याच वर्षी पश्चिमेकडील पॅक-12 गटाच्या बारापैकी दहा सभासदांनी गट सोडला आणि त्याची वाहिनी बंद पडली. सोडणाऱ्यांत व्हाइट यांचे कोलोरॅडोही होते. ते ज्या गटात गेले, त्याच गटात ऑर्लॅंडोचे विद्यापीठ. माझे कोडे सुटले.

मग व्हाइट बरोबर होते का? मला वाटते, अर्धे. धोका त्यांनी अचूक ओळखला. पण मक्तेदारी ही मक्तेदारीच होती, आणि प्रेक्षकांना आज घरबसल्या कितीतरी सामने दिसतात ते त्या निकालामुळेच. शिवाय त्या खटल्यात भांडत होती संस्था आणि विद्यापीठे. मैदानात हाडे मोडून घेणाऱ्या मुलांचा वाटा कुणी मागितलाच नव्हता. ज्यांच्या स्वतःच्या शिक्षणाला फुटबॉलची कमाई कामी आली, त्या व्हाइट यांनीही नाही. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट 2025 च्या जूनमध्ये न्यायालयीन तडजोडीने मोकळी झाली.

व्हाइट 1993 मध्ये निवृत्त झाले आणि 15 एप्रिल 2002 रोजी डेन्व्हरमध्ये वारले. त्या शनिवारी कोलोरॅडोचा संघ जिंकला, घरात जल्लोष झाला. टाळ्या मीही वाजवल्या. पण सामना संपल्यावर ती पोरे पुन्हा अडीच हजार किलोमीटर प्रवास करून वर्गात कधी पोचणार, हा विचार काही मनातून जाईना.