रावणकोटाजवळची सुरतेची चांदी
(आर्थर सी. क्लार्क यांची जीवनकथा)



आपल्या कडोदऱ्याच्या चार रस्त्यावरून सुरत जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. सुरत म्हटले की आपल्याला साड्या, हिरे, लोचो आणि तापी आठवते. इतिहासाच्या तासाला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. पण सुरतेच्या टांकसाळीत पाडलेले हजारो रुपये श्रीलंकेजवळच्या समुद्रात सुमारे अडीचशे वर्षे पडून होते आणि ते जगासमोर आले परदेशात राहून पाणबुड्याचे काम करणाऱ्या दोन मित्रांमुळे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या मित्रांपैकी एकाचे नाव जगप्रसिद्ध आहे. ते म्हणजे विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क. या अंकात त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ.

क्लार्क यांचा जन्म १६ डिसेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या माइनहेड या समुद्रकाठच्या गावी झाला. आई-वडील दोघांनीही पोस्ट खात्यात नोकरी केलेली. पहिल्या महायुद्धात वडिलांच्या शरीरावर विषारी वायूचा परिणाम झाला होता. पुढे त्यांनी शेती पाहिली, पण प्रकृतीने साथ दिली नाही. १९३१ मध्ये ते वारले तेव्हा आर्थर अवघ्या तेरा वर्षांचे होते आणि चार भावंडांत थोरले होते. संसाराचा भार आईवर पडला.

लहानपणी वडिलांनी त्यांना सिगारेटच्या पाकिटातून निघणारे एक चित्र दिले होते. त्यावर प्राचीन काळचा एक प्राणी होता. त्या एका चित्राने मुलाला विज्ञानाची गोडी लागली. तो जीवाश्म गोळा करू लागला, घरीच दुर्बीण बनवून चंद्राचे नकाशे काढू लागला. शाळा टाँटन गावात होती. शाळा संपली, पण विद्यापीठात जाण्याइतके पैसे घरात नव्हते. म्हणून १९३६ मध्ये ते लंडनला गेले आणि सरकारी नोकरीत शिक्षकांच्या पेन्शनचे हिशेब तपासू लागले. दिवसा पेन्शनचे आकडे आणि संध्याकाळी अवकाशप्रवासाची चर्चा, असा त्यांचा दिनक्रम होता.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात रडारच्या कामावर होते. धुक्यात वैमानिकाला काही दिसत नसताना जमिनीवरून रडारच्या साहाय्याने विमान सुखरूप उतरवायचे, हे ते काम. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी एका तांत्रिक मासिकात एक लेख लिहिला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल आणि खालून पाहणाऱ्याला एकाच जागी स्थिर दिसेल. असे तीन उपग्रह ठेवले, तर जवळजवळ साऱ्या जगाला संदेश पाठवता येतील, असे त्यांनी त्यात मांडले. त्या वेळी एकही उपग्रह आकाशात नव्हता. या कल्पनेचे पेटंट त्यांनी घेतले नाही. आज आपल्या घरावरची टीव्हीची छत्री ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते, तो त्याच कक्षेत असतो.

युद्धानंतर त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये राहिलेले शिक्षण पूर्ण केले आणि १९४८ मध्ये गणित व भौतिकशास्त्रात प्रथम श्रेणी मिळवली. म्हणजे पदवी हाती आली ती तिसाव्या वर्षी. परिस्थितीमुळे ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले, अशा पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आता आकाशाकडे पाहणारा हा माणूस पाण्यात कसा उतरला? त्याचे कारण गमतीचे आहे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी एक उपकरण तयार केले होते. पाठीवर दाबाखाली भरलेल्या हवेची टाकी आणि तोंडाशी एक झडप. पाणबुड्या श्वास घेईल तेव्हाच, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, ती झडप हवा देते. यालाच आपण स्कूबा म्हणतो. त्याआधीच्या पाणबुड्याला जड शिरस्त्राण घालून, वरून येणाऱ्या नळीला बांधलेले राहावे लागे. स्कूबामुळे माणूस माशासारखा मोकळा झाला. क्लार्क यांना अंतराळात जायचे होते, पण तेथे जाण्याची सोय त्या काळी नव्हती. पाण्यात शरीराचे वजन जाणवत नाही. तेव्हा अंतराळाचा थोडाफार अनुभव पृथ्वीवर घ्यायचा तर समुद्रातच, असा विचार करून ते पाणबुडे झाले.

त्यांचे मित्र माइक विल्सन हे निष्णात पाणबुडे आणि छायाचित्रकार होते. दोघे १९५४ च्या अखेरीस बोटीने ऑस्ट्रेलियाकडे निघाले. तेथील ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या प्रचंड रांगेत बुड्या मारायच्या, छायाचित्रे काढायची आणि पुस्तक लिहायचे, असा बेत होता. वाटेत बोट कोलंबोला थांबली. ते बेट क्लार्क यांच्या मनात भरले आणि १९५६ मध्ये ते तेथेच राहायला गेले. त्या वेळी त्या देशाचे नाव सिलोन होते. श्रीलंका हे नाव १९७२ मध्ये आले.

परदेशात राहायचे म्हणजे पोटापाण्याचे पाहायलाच हवे. क्लार्क लेखन करीत, विल्सन पाण्याखालची छायाचित्रे व चित्रपट काढीत आणि दोघांचा मिळून व्यवसाय चाले. १९६२ मध्ये विल्सन यांनी दिग्दर्शित केलेला 'रनमुतु दूवा' हा पहिला रंगीत सिंहली चित्रपट क्लार्क यांच्या आर्थिक पाठबळावर तयार झाला. पुढे क्लार्क यांनी पर्यटकांना समुद्रात नेणारी व डायव्हिंग शिकवणारी संस्थाही चालवली. छंद आणि उपजीविका अशी एकत्र आली.

पहिल्याच वर्षी, म्हणजे १९५६ मध्ये, त्यांना त्रिंकोमालीला एक मोठी गोष्ट पाहायला मिळाली. तेथे समुद्रावर उभ्या असलेल्या उंच कड्यावर शंकराचे प्राचीन कोणेश्वर मंदिर होते. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले आणि त्याचे अवशेष कड्यावरून खाली समुद्रात गेले. त्या कड्याच्या पायथ्याशी पाण्यात क्लार्क आणि विल्सन यांना घडवलेले दगड आणि खांब दिसले. माइक विल्सन यांच्या मनावर तर या देशाचा असा परिणाम झाला, की पुढे ते सर्व सोडून स्वामी शिवकल्कि या नावाने संन्यासी झाले.

आता सुरतेच्या चांदीकडे वळू. श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत समुद्रात खडकांची एक रांग आहे. इंग्रजी नकाशात तिला ग्रेट बॅसेस म्हणतात, तर सिंहली लोक महा रावण कोटुव, म्हणजे रावणाचा मोठा कोट म्हणतात. तेथे १८७३ पासून दीपगृह आहे. वर्षातील बहुतेक काळ तेथील पाणी खवळलेले असते. दोन मोसमांच्या मध्ये, मार्च-एप्रिलच्या सुमारास, थोडे दिवस ते शांत होते. मार्च १९६१ मध्ये माइक विल्सन दोन अमेरिकन शाळकरी मुलांना घेऊन तेथे चित्रीकरणासाठी गेले. खडकांच्या तळाशी त्यांना एक छोटी तोफ दिसली आणि त्याच जागी चांदीची नाणी मिळाली. नाणी सुटी होती, तशी एकमेकांना चिकटून झालेल्या मोठ्या गोळ्यांच्या रूपातही होती. हजार-हजार नाणी पिशव्यांत भरलेली होती. पिशव्या कुजून गेल्या, पण नाणी इतकी घट्ट जमली की गोळ्याला पिशवीचाच आकार राहिला. एका नाण्याचे वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास धरले, तर एका पिशवीत साडेअकरा किलो चांदी झाली.

नाणी तपासली तेव्हा त्यांवर फारसी अक्षरांत औरंगजेबाचे नाव, हिजरी सन १११३ म्हणजे इ. स. १७०१-०२, आणि टांकसाळीचे नाव आढळले. ते नाव होते सुरत! गोळ्याच्या आतली नाणी तर कोरी करकरीत होती. एकही बाजारात फिरलेले नव्हते.

मुलांनो, ते वर्ष आठवून पाहा. राजाराम महाराज १७०० मध्ये निवर्तले होते आणि महाराणी ताराबाई मराठ्यांचे राज्य सांभाळीत होत्या. औरंगजेब दक्षिणेत आपल्या किल्ल्यांभोवती तळ देऊन बसला होता. आणि त्याच वेळी सुरतेहून नवी चांदी भरून एक जहाज निघाले होते. नकाशा घ्या आणि सुरतेपासून बोट खाली खाली न्या. भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये रामसेतूचा उथळ भाग आहे. तेथून मोठी जहाजे जाऊ शकत नाहीत. पूर्व किनाऱ्याला किंवा बंगालकडे जायचे तर लंकेला वळसा घालावाच लागे. त्या वळशावरच रावणकोटाचे खडक उभे आहेत.

असा खजिना सापडल्यावर माणसाची खरी परीक्षा होते. क्लार्क आणि विल्सन यांनी गवगवा केला नाही, कारण बातमी फुटली असती तर लुटारूंनी ती जागा उद्ध्वस्त केली असती. एप्रिल १९६३ मध्ये ते पुन्हा तेथे गेले, ते पीटर थ्रॉकमॉर्टन या सागरी पुरातत्त्वाच्या जाणकाराला बरोबर घेऊन. नाण्यांचा एक गोळा अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेकडे अभ्यासासाठी गेला. या सर्व हकिकतीवर क्लार्क यांचे पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. चांदीचा भाव रोज बदलतो, पण त्या नाण्यांवरची अक्षरे आपल्या सुरतेच्या व्यापाराचा पुरावा झाली. आपल्याकडेही १८७८ चा निधी कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा जुना ठेवा सापडला, तर त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शेतात किंवा पाया खणताना काही मिळाले, तर हे विसरू नका.

या दोन मोहिमांच्या मध्येच, १९६२ मध्ये, क्लार्क यांना पक्षाघातासारख्या आजाराने अंथरुणाला खिळवले. ते पोलिओचे दुखणे होते. त्यातून ते उठले, पण अनेक वर्षांनी त्याचे परिणाम परत उद्भवले आणि १९८८ नंतर त्यांना चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. जमिनीवर पाय साथ देत नसत, पण पाण्यात शिरले की हाच माणूस इतरांसारखा मोकळा हालचाल करी. त्यांनी समुद्राची संगत सोडली नाही आणि लेखनही थांबवले नाही. १९६८ मध्ये आलेला '२००१ : अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट त्यांनी आणि दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक यांनी मिळून लिहिला.

भारताशीही त्यांचा जिव्हाळ्याचा संबंध होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात इस्रोने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरदर्शन पोहोचवण्याचा प्रयोग केला. त्या वेळी इस्रोच्या अभियंत्यांनी कोलंबोला क्लार्क यांच्या घरी सुमारे पाच मीटर व्यासाची छत्री बसवून दिली. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली कल्पना त्यांनी आपल्या घरात बसून पाहिली, आणि ती दाखवली भारतीय अभियंत्यांनी. विज्ञानप्रसारासाठीचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार त्यांना १९६१ मध्ये मिळाला. तोच पुरस्कार १९९६ मध्ये आपल्या डॉ. जयंत नारळीकरांना मिळाला.

ज्या देशाने आसरा दिला, त्याचे ऋण क्लार्क विसरले नाहीत. १९७९ पासून २००२ पर्यंत ते मोरातुवा विद्यापीठाचे कुलपती होते. १९८३ नंतर तेथे यादवी पेटली, तरीही ते देश सोडून गेले नाहीत. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हिक्कडुवा येथील त्यांचे डायव्हिंग केंद्र नष्ट झाले, तेव्हा ते सत्याऐंशी वर्षांचे होते. २००५ मध्ये श्रीलंकेने त्यांना 'श्रीलंकाभिमान्य' हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. १९ मार्च २००८ रोजी कोलंबोत त्यांचे निधन झाले आणि त्याच मातीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

मुलांनो, क्लार्क यांच्यासारखे समुद्रात उतरावेसे वाटले तर जरूर उतरा. मालवणजवळ तारकर्लीला स्कूबाची सोय आहे. पण नियम आधी शिका. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. वर येताना श्वास कधीही कोंडून धरायचा नाही आणि घाईने वर यायचे नाही. पाण्यात एकट्याने जायचे नाही. हा शेवटचा नियम आपल्या नदी-कालव्यांनाही लागू आहे. पालकांनी त्याकडे कटाक्षाने लक्ष द्यावे.

आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील पोटासाठी महाराष्ट्रातून या भागात आले आणि येथलेच झाले. घरी मराठी, बाजारात गुजराती, असे आपले जीवन आहे. मुले कधी कधी विचारतात, की सर, आपण नक्की कुठले? या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नाही. पण सॉमरसेटच्या शेतावर वाढलेल्या एका मुलाने बावन्न वर्षे परक्या बेटावर काम केले आणि अखेर त्या बेटाने त्याला आपल्या अभिमानात गणले. सुरतेची नाणीही रावणकोटाच्या पाण्यात इतकी वर्षे राहिली, पण त्यांच्यावरचे सुरत हे नाव पुसले गेले नाही. या दोन्ही गोष्टी मला एकदमच आठवतात. मुलांनी त्यांवर घरी आजी-आजोबांशी जरूर बोलावे.

— मुख्याध्यापक