शुक्राचा ताप मोजणारे कार्ल सेगन

शुक्र कायम ढगांच्या जाड पांघरुणाखाली असतो. त्याखाली काय असेल, याबद्दल अनेक वर्षे केवळ तर्कच होते. कोणी तिथे दलदल कल्पिली, तर कोणी महासागर. १९५६ मध्ये शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजल्या गेल्या आणि त्यांवरून तापमान निघाले सुमारे ३०० अंश सेल्सिअस! हा ताप जमिनीचा, की वरच्या विद्युतभारित थरातून आलेला भास?

या प्रश्नाला कार्ल सेगन भिडले. त्यांचा जन्म १९३४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. पुढे ‘कॉसमॉस’ मालिकेमुळे ते घराघरांत पोहोचले. पण शिकागो विद्यापीठात १९६० मध्ये पीएचडी मिळवताना त्यांनी शुक्राच्या वातावरणाचे गणित मांडले होते. सूर्यप्रकाशाने जमीन तापते, ती अवरक्त किरणे बाहेर टाकते आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ ती उष्णता अडवून धरतात. हाच हरितगृह परिणाम.

डिसेंबर १९६२ मध्ये ‘मरिनर-२’ यान शुक्राजवळून गेले. ग्रहाच्या मध्यापेक्षा कडा थंड आढळल्या. म्हणजे ताप जमिनीचाच होता. पुढे सोव्हिएत याने तिथे उतरली, तेव्हा तो ४६० अंशांच्या आसपास निघाला. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट होता, वाफ मात्र फारच थोडी. मूळ गणितातले आकडे बदलावे लागले, पण गाभा टिकला.

१९७१ मध्ये मंगळावरील धुळीच्या वादळात जमीन थंड आणि वरची हवा उबदार झालेली दिसली. त्यातून सेगन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अणुयुद्धानंतरच्या ‘आण्विक हिवाळ्या’चा इशारा दिला. १९९१ मध्ये कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या, तेव्हा धूर उंच जाऊन दक्षिण आशियाच्या शेतीला फटका बसू शकतो, असे ते म्हणाले. धूर तेवढा वर गेलाच नाही. पुढे आपल्या पुस्तकात त्यांनी ही चूक उघड मान्य केली.

१९९४ मध्ये त्यांना मायलोडिस्प्लासिया झाल्याचे निदान झाले. या आजारात अस्थिमज्जा पुरेशा निरोगी रक्तपेशी बनवू शकत नाही. बहिणीने अस्थिमज्जा दिली, प्रत्यारोपणे झाली. पण २० डिसेंबर १९९६ रोजी न्यूमोनियाने ते गेले. वय होते ६२.

अंदाज बांधावा, मोजून पाहावा आणि चुकल्यास सुधारावा. निदानाचीही रीत हीच. सेगन यांनी ती एका ग्रहासाठी वापरली.