विल्यम जेम्स वानलेस

सर विल्यम जेम्स वानलेस (जन्म : ओंटारिओ, कॅनडा, १ मे १८६५, मृत्यू : ग्लेंडेल, कॅलिफोर्निया, ३ मार्च १९३३) हे शल्यचिकित्सक, वैद्यकीय शिक्षक व प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी होते. जन्माने कॅनडाचे आणि शिक्षणाने अमेरिकेचे असलेल्या वानलेस यांनी आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे दक्षिण महाराष्ट्रात काढली. मिरजेचे मिशन रुग्णालय, त्याला जोडून चालविलेली वैद्यकीय शाळा, कुष्ठरुग्णांसाठीचे आश्रयस्थान आणि सांगली-मिरज यांच्या दरम्यानचे क्षयरोग आरोग्यधाम ही त्यांची प्रमुख कामे होत. ज्या वस्तीत हे आरोग्यधाम आहे, ती आज वानलेसवाडी या नावाने ओळखली जाते. त्यांच्या नावाचा उच्चार वॉनलेस असाही केला जातो. मिरज परिसरात मात्र वानलेस हेच रूप रुळलेले आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर हे १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्यापासून या भागात सुरू झालेले काम पुढे प्रेस्बिटेरियन मिशनकडे आले आणि कोल्हापूर, सांगली, मिरज अशा संस्थानी मुलखात त्याचा विस्तार झाला. त्या काळी या मुलखात पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला डॉक्टर भेटणे दुर्मीळ होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होते, पुण्यात १८७८ मध्ये बी. जे. मेडिकल स्कूल निघाले होते. पण तेथून बाहेर पडणाऱ्यांची संख्या थोडी आणि त्यांतील बहुतेकांची ओढ मोठ्या शहरांकडे वा सरकारी नोकरीकडे असे.

क्षयाच्या बाबतीत तर डॉक्टर असून नसल्यासारखेच होते. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून परतलेल्या आनंदीबाई जोशी फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढल्याला तेव्हा पाच वर्षे होत आली होती, परंतु जंतू सापडणे आणि औषध सापडणे यांत साठ वर्षांहून अधिक काळ जायचा होता. वानलेस यांची संपूर्ण कारकीर्द याच मधल्या काळात झाली, ही गोष्ट त्यांच्या क्षयविषयक कामाचे मूल्यमापन करताना ध्यानात ठेवावी लागते.

शिक्षण आणि भारतात आगमन

वानलेस यांनी न्यू यॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८९ मध्ये पदवी मिळविली. त्याच वर्षी मेरी मार्शल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि हे दांपत्य मिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात आले. वानलेस तेव्हा चोवीस वर्षांचे होते. प्रारंभी सांगलीत दवाखाना चालविल्यानंतर त्यांनी मिरज हे कामाचे केंद्र ठरविले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने पुणे, कोल्हापूर व बेळगाव या तिन्ही बाजूंनी रुग्णांना तेथे पोहोचता येत असे. पुढे या गावाला वैद्यकीय नगरी म्हणून जी प्रतिष्ठा लाभली, तिच्यात डॉक्टरांच्या हातगुणाइतकाच रुळांचाही वाटा आहे.

मिरज येथील रुग्णालय

मिरज संस्थानचे अधिपती गंगाधरराव तथा बाळासाहेब पटवर्धन यांचे सहकार्य आणि फिलाडेल्फियाचे उद्योजक जॉन कॉन्व्हर्स यांची देणगी यांतून १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. मोतीबिंदू, मूतखडा आणि पोटाच्या शस्त्रक्रिया यांसाठी वानलेस यांची कीर्ती लवकरच दूरवर पसरली. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचाही त्यांच्यावर विश्वास होता. मेरी वानलेस यांच्या निधनानंतर कोल्हापुरातील मिशनच्या रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

रुग्णालय मिशनचे असल्याने धर्मोपदेश हा त्याच्या घोषित उद्देशांपैकी एक होता आणि वानलेस यांनी तो कधी लपविला नाही. आलेल्या बहुसंख्य रुग्णांनी मात्र उपचार घेतले आणि धर्म आपापला ठेवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग व दुष्काळ पाठोपाठ आले, तेव्हा या भागातील मोजक्या रुग्णालयांवर मोठा भार पडला. १९०० मध्ये मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली. ती आज रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय या नावाने ओळखली जाते.

वैद्यकीय शाळा

एकट्या शल्यचिकित्सकाच्या नावावर उभे असलेले रुग्णालय त्याच्याबरोबरच संपते, ही अडचण वानलेस यांच्या लवकर लक्षात आली असावी. रुग्णालय उघडल्यानंतर तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, त्यांनी वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग सुरू केला. आधी हाताखालच्या मदतनीसांना शिकविणे आणि मग त्यातूनच रीतसर शाळा उभी करणे, असा तिचा क्रम होता. हिंदुस्थानातील मिशनने चालविलेली पहिली वैद्यकीय शाळा असे तिचे वर्णन अनेक ठिकाणी आढळते. ते जपून घ्यावयास हवे, कारण लुधियाना येथे एडिथ ब्राऊन यांनी स्त्रियांसाठी अशी शाळा १८९४ मध्येच काढली होती. पुरुष विद्यार्थ्यांसाठीच्या मिशन शाळांत मिरजेचे स्थान अग्रभागी होते, इतके निश्चित म्हणता येते.

या शाळेचा उद्देश विद्यापीठाचे पदवीधर घडविण्याचा नव्हता. दूरच्या मिशन रुग्णालयांत आणि दवाखान्यांत जाऊन, प्रसंगी वरिष्ठ डॉक्टरांवाचून, काम निभावू शकेल असा माणूस तयार करणे हे तिचे लक्ष्य होते. अशा शाळांतील विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षा खाटेवरचा रुग्ण अधिक शिकवीत असे. रुग्णाची हकीकत काढून घेणे, नाडी व श्वास मोजणे, जखम धुणे, भूल देताना श्वासावर नजर ठेवणे, शस्त्रक्रियेत साहाय्य करणे आणि अखेर देखरेखीखाली स्वतः शस्त्र हाती धरणे, अशा पायऱ्यांनी तो पुढे जाई. भूल देणारा सहायक ही वरवर दुय्यम वाटणारी भूमिका होय. परंतु बेशुद्ध माणसाचा श्वास हाच आपला प्रथम विषय आहे ही जाण त्या काळी दुसऱ्या कोणत्याही कामातून इतकी लख्खपणे येत नसे. अतिदक्षता उपचारांची शाखा पुढे भूलशास्त्रातूनच जन्माला आली, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

येथून बाहेर पडलेले डॉक्टर पश्चिम व मध्य हिंदुस्थानातील मिशन रुग्णालयांत कामाला लागले. शाळेच्या जोडीला परिचारिकांचे प्रशिक्षणही होते. वानलेस यांचे सहकारी डॉ. चार्ल्स व्हेल यांनी त्यांच्यानंतर रुग्णालयाची धुरा सांभाळली, म्हणजे आरंभीची ती अडचण निदान रुग्णालयापुरती सुटली.

शाळेचे भवितव्य मात्र वेगळे झाले. परवानाधारक आणि पदवीधर अशी डॉक्टरांची दुहेरी पद्धत बंद करून सर्वांना एकच पदवी शिक्षण द्यावे, अशी शिफारस भोर समितीने १९४६ मध्ये केली. परवान्याच्या शिक्षणक्रमावर उभ्या असलेल्या शाळांना यानंतर महाविद्यालय होणे किंवा संपणे एवढेच पर्याय उरले. लुधियानाची शाळा आणि आयडा स्कडर यांनी १९१८ मध्ये वेल्लोर येथे काढलेली शाळा या दोन्ही पदवी महाविद्यालये बनल्या व आज देशभर ओळखल्या जातात. मिरजेची शाळा त्या वाटेने गेली नाही. या तीन संस्थांत मिरजेचे नाव वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात सर्वांत कमी घेतले जाते, त्याचे कारण कामाच्या प्रतीत नसून या वळणात आहे.

क्षयरोग आरोग्यधाम

क्षयाचा रुग्ण सर्वसाधारण रुग्णालयात ठेवणे अवघड होते. त्याचा मुक्काम महिनोन्महिने चाले, शेजारच्या खाटांना संसर्गाचा धोका राही आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णालयाची घाईची दिनचर्या त्याला मानवत नसे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आणि अमेरिकेत एडवर्ड ट्रूडो यांच्या सॅरनॅक लेक येथील प्रयोगापासून मोकळी हवा, सक्तीची विश्रांती व सकस आहार यांवर आधारलेली आरोग्यधामे निघाली होती. हिंदुस्थानात अजमेरजवळील तिलौनिया येथे १९०६ मध्ये असे आरोग्यधाम सुरू झाले. महाराष्ट्रात डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर ही संस्था काढली. पाचगणीची हवा थंड व उंचावरची. सांगली-मिरजेचे पठार सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले, कोरडे. डोंगरावर जाण्याची ऐपत नसलेल्या रुग्णाला घरापासून फार लांब न जाता राहता येईल, हा या ठिकाणाचा खरा लाभ. वानलेस यांनी येथील आरोग्यधाम १९२० मध्ये सुरू केले.

त्या काळच्या आरोग्यधामातील डॉक्टरला औषध जवळजवळ नव्हतेच, आणि म्हणूनच निरीक्षण हे त्याचे मुख्य साधन होते. सकाळ-संध्याकाळचे तापमान, आठवड्याचे वजन, खोकल्यातून पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण आणि थुंकीतील जंतू यांची नोंद ठेवून रोग पुढे सरकतो आहे की मागे हटतो आहे, हे त्याने ताडावयाचे असे. छातीवर बोटे ठोकून येणाऱ्या आवाजाचा अर्थ लावण्याची रीत ऑस्ट्रियाचे आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये मांडली होती. फ्रान्सचे लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप तयार केला. ते स्वतः क्षयानेच गेले. ही दोन्ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत. एकाच रुग्णाची छाती सहा महिने वारंवार ऐकल्यावर फुप्फुसात काय बदलले हे कानाला कळू लागते. आरोग्यधामाने रुग्णाला काय दिले याविषयी मतभेद होऊ शकतात, पण डॉक्टरचा कान तयार करणारी दुसरी जागा त्या काळी नव्हती. वैद्यकीय शाळेपासून अल्प अंतरावर आरोग्यधाम आल्याने मिरजेत ही संधी उपलब्ध झाली.

रोगग्रस्त फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीच्या पोकळीत सुईने हवा भरून ते मिटविण्याचा उपाय इटलीचे फोर्लानिनी यांनी पुढे आणला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो सर्वत्र वापरला गेला. सुई अर्धा इंच चुकली तर जीव जाण्याची भीती असे आणि हवा ठरावीक दिवसांनी पुन्हा भरावी लागे. त्यामुळे फुप्फुसांचा डॉक्टर हा केवळ औषधे लिहून देणारा वैद्य राहिला नाही. शल्यचिकित्सकाची हातोटी त्याच्याकडून अपेक्षिली जाऊ लागली.

उत्तरायुष्य

मेरी यांच्या निधनानंतर वानलेस यांनी लिलियन हेव्हन्स यांच्याशी विवाह केला. सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले आणि १९२८ मध्ये सर हा किताब बहाल केला. त्याच सुमारास निवृत्त होऊन ते अमेरिकेला परतले. आपल्या कामाची हकीकत त्यांनी ॲन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया या पुस्तकात लिहिली. ते १९३२ मध्ये प्रकाशित झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

नंतरचा काळ

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला आणि पुढील दहा-बारा वर्षांत क्षय औषधांनी बरा होऊ लागला. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने तर घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, असे दाखवून दिले. दीर्घ मुक्कामाच्या आरोग्यधामांची मूळ गरजच त्यामुळे ओसरली. वानलेसवाडीची संस्था छातीच्या विकारांचे रुग्णालय म्हणून पुढे चालू राहिली.

फुप्फुसरोगाच्या शिक्षणाचे स्वरूपही पालटले. दिल्लीत डॉ. आर. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि क्षय व छातीचे विकार हा पदव्युत्तर अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओच्या साथीत श्वास बंद पडलेल्या रुग्णांना भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून नळीवाटे हवा देण्यात आली. ती हवा हाताने पिशवी दाबून देण्याचे काम वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, रात्रंदिवस केले. अतिदक्षता विभागाचा उगम तेथे मानला जातो. आज भारतात श्वसनविकारशास्त्रात एम.डी. आणि त्यापुढे श्वसनविकार वा अतिदक्षता या विषयांत डी.एम. करता येते.

मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना रुग्णांवरील प्रत्यक्ष शिक्षण देण्यासाठी वानलेस रुग्णालयाचा उपयोग करण्यात आला. बंद पडलेल्या शाळेच्या खाटांपाशी अशा रीतीने पुन्हा वर्ग भरू लागले.

क्षयाची रुग्णालये मुद्दाम गावाबाहेर बांधली जात आणि नंतर गावे त्यांच्यापर्यंत पोहोचत. पुण्यातील औंधचे शासकीय उरो रुग्णालय असेच एके काळी शहराबाहेर होते. आज त्याच्या पलीकडे हिंजवडीपर्यंत इमारती गेल्या आहेत. वानलेसवाडीही आता सांगली-मिरज आणि कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीत भर वस्तीत आहे.