सानेगुरुजी : फैजपूर ते पंढरपूर

सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांनी वेढलेल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्षस्थानी होते. टिळकनगराची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली होती. व्यासपीठावरून स्पेनमधील यादवी आणि येऊ घातलेल्या महायुद्धाची चिंता व्यक्त होत होती. हे अधिवेशन यशस्वी व्हावे म्हणून अमळनेरचे एक माजी शिक्षक कार्यकर्ते गोळा करण्यापासून मैलासफाईपर्यंत पडेल ते काम करीत होते. पांडुरंग सदाशिव साने, अर्थात सानेगुरुजी.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगडचा. पण त्यांची कर्मभूमी ठरली खानदेश. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे अध्यापन करून १९३० मध्ये ते सत्याग्रहात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली.

धर्म आणि संस्कृती यांतील भेदांमुळेच जगात संघर्ष पेटतात, असे आजही मानले जाते. अमेरिकी अभ्यासक सॅम्युअल हंटिंग्टन यांनी १९९३ मध्ये त्यास सिद्धान्ताचे रूप दिले. फैजपूरला ज्याची चर्चा झाली, त्या स्पेनचे उदाहरण मात्र वेगळेच सांगते. तेथे एकाच कॅथलिक परंपरेत वाढलेले लोक परस्परांविरुद्ध उभे होते. फ्रँकोचे समर्थक या लढ्याला धर्मयुद्ध म्हणत. त्यांच्या फौजेत मोरोक्कोचे हजारो मुसलमान सैनिक होते. जमीन आणि सत्ता कोणाच्या हाती असावी, हा वाद त्यामागे होता. फैजपूरच्या अधिवेशनानेही शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम स्वीकारला, तो याच जाणिवेतून.

भेद नाहीत असे गुरुजींनी कधी मानले नाही. भेदांची ओळख करून घ्यावी, हा त्यांचा मार्ग. तुरुंगात दक्षिणेकडील सहबंद्यांच्या सहवासात त्यांनी परप्रांतीयांच्या भाषा समजून घेतल्या, तमिळ 'कुरल' मराठीत आणले. प्रांताप्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी, ही आंतरभारतीची कल्पना त्यातूनच आकारास आली. 'भारतीय संस्कृती' लिहिणाऱ्या याच लेखणीने 'इस्लामी संस्कृती' या ग्रंथात पैगंबरांचे चरित्रही मराठी वाचकांपुढे ठेवले.

मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभले. विठ्ठल एक, धर्म एक, भाषाही एक. तरीही अस्पृश्य मानलेल्यांना मंदिराचे दार बंद होते. परधर्म तर दूरच, आपल्याच माणसाला समान हक्क देण्यास विरोध होत होता. अखेर ते दार उघडले. परंतु त्याच वर्षी फाळणी झाली आणि धर्माच्या नावाने लाखो माणसे देशोधडीला लागली. धर्मभेद हे केवळ निमित्त असते, असे म्हणणाऱ्यांनाही त्या निमित्ताची दाहकता नाकारता येणार नाही.

जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या एका मराठी माणसाच्या हातून झाली. गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण करून त्याचे प्रायश्चित्त घेतले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. मनाची व्यथा मात्र शमली नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली.

त्यांचा मार्ग अपुरा ठरला काय, असा प्रश्न त्या अखेरीमुळे मनात येतो. पंढरपूरचे ते दार मात्र पुन्हा बंद झाले नाही आणि 'साधना'ही सुरूच राहिले. शेजाऱ्याची भाषा आणि श्रद्धा जाणून घेणाऱ्याला त्याच्याविरुद्ध चिथावणे कठीण जाते, एवढा विश्वास त्यांच्या आयुष्यातून आजही मिळतो.