श्रीमती कॅथलीन लॉन्स्डेल

डोळ्यांस न दिसणाऱ्या वस्तूची रचनाहि चिकाटीनें मोजमाप करून निश्चित सांगतां येते, याचें सुंदर उदाहरण कॅथलीन लॉन्स्डेल यांच्या चरित्रांत आढळतें.

त्यांचा जन्म आयर्लंडांतील न्यूब्रिज गांवीं १९०३ सालीं झाला. दहा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या, घरची गरिबी. पुढें आई मुलांस घेऊन इंग्लंडांत आली. तेथील मुलींच्या शाळेंत पदार्थविज्ञान व रसायन शिकण्याची सोय नव्हती. म्हणून कॅथलीन मुलग्यांच्या शाळेंत जाऊन, वर्गांत एकट्याच मुलगी असतांना, हे विषय शिकल्या. १९२२ सालीं लंडन विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत त्या पहिल्या आल्या. त्यांची हुशारी पाहून परीक्षक सर विल्यम ब्रॅग यांनीं त्यांस आपल्याकडे संशोधनास बोलाविलें.

स्फटिकावर क्ष-किरण सोडले असतां ते ठराविक दिशांस विखुरतात व फोटोच्या फिल्मवर ठिपके उमटतात. कोणता ठिपका कोठें पडला व किती ठळक आहे, यावरून अणूंच्या जागा व त्यांमधील अंतरें गणितानें काढतां येतात. बेंझीनच्या रेणूंत सहा कार्बन-अणूंचें कडें असावें, असें केकुले यांनीं १८६५ सालीं सुचविलें होतें. परंतु तें कडें सपाट, कीं हिऱ्यांतल्याप्रमाणें वरखालीं वांकलेलें, याविषयीं वाद होता. १९२९ सालीं लीड्स येथें कॅथलीनबाईंनीं हेक्झामिथिलबेंझीनचे स्फटिक तपासून तो मिटविला. कडें सपाट निघालें. शेजारच्या दोन कार्बन-अणूंमधील अंतर सुमारें १.४२ अँगस्ट्रॉम भरलें. म्हणजे एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले, तर तशा दीड भागाहूनहि कमी! पुढें मुलें लहान असतांना घरीं बसूनच त्यांनीं अशीं लांबलचक गणितें हातानें केलीं.

१९३५ सालीं हें दांपत्य क्वेकर पंथांत आलें. युद्ध हें ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. महायुद्धांत नागरी संरक्षणाकरितां नांव नोंदविण्याचा हुकूम निघाला. नांव नोंदवितांच लहान मुलांची आई म्हणून त्यांस सूट मिळाली असती. परंतु त्यांनीं नांव दिलें नाहीं, दोन पौंड दंडहि भरला नाहीं, आणि १९४३ सालीं हॉलोवे तुरुंगांत एक महिना शिक्षा भोगली. तेथील बंदिवानांचे हाल पाहून त्यांनीं पुढें तुरुंगसुधारणेचें कार्य हातीं घेतलें. दोनच वर्षांनीं रॉयल सोसायटीनें प्रथमच स्त्रियांस सभासदत्व दिलें. त्या पहिल्या दोघींत कॅथलीनबाई होत्या. १९७१ सालीं त्या निवर्तल्या.

विद्यार्थिमित्रहो, अणूंचें अंतर मोजतांना त्यांनीं अंदाजावर समाधान मानलें नाहीं, आणि विवेकाच्या बाबतींत सोयीची पळवाट घेतली नाहीं. ही काटेकोर वृत्ति आपणांसहि लाभो!